विरळ हवा आणि उसना वारसा

समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर हवेतला ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवेचा दाबच उतरलेला असल्याने दर श्वासागणिक छातीत येणारा ऑक्सिजन खालच्या मानाने जेमतेम साठ टक्के उरतो. तरीही तिबेटचे पठार, पेरू-बोलिव्हियाचा अल्तिप्लानो आणि इथियोपियातले सिमियन डोंगर या तिन्ही ठिकाणी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या शेती केली, गुरे राखली, मुले वाढवली. ही माणसे तिथे कशी टिकली, या प्रश्नाची उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली. मला वाटते, अडचण प्रश्नातच होती, कारण त्यात दोन गृहीतके दडलेली होती. विरळ हवेला तोंड देण्याची शरीराची एकच योग्य रीत असणार, हे पहिले. ती रीत त्या त्या समाजाने इतरांपासून अलग राहून आपल्याच रक्तात घडवलेली असणार, हे दुसरे. जनुकशास्त्राने पहिले गृहीतक डळमळीत केले आणि दुसरे पार मोडले. दुसरे मोडले याचे मोल मला अधिक वाटते, कारण अमुक लोक मुळातच अमुक भूमीसाठी घडले आहेत, या समजुतीवर जगात पुष्कळ राजकारण उभे आहे.

डोंगर चढताना होणाऱ्या त्रासाचे मूळ ऑक्सिजनच्या घटलेल्या दाबात आहे, हे फ्रान्सच्या पॉल बेअर यांनी १८७८ मध्ये प्रयोगांनिशी मांडले. पुढे १८९० मध्ये फ्रांस्वा व्हियो पेरूमधल्या मोरोकोचा या खाणगावी गेले. तिथे त्यांनी रक्तातल्या लाल पेशी मोजल्या, तर दर घनमिलिमीटरमागे ५० लाखांचा आकडा काही आठवड्यांत ८० लाखांच्या घरात गेलेला दिसला. तर्क सरळ होता. हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून तो वाहून नेणाऱ्या पेशी जास्त. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट १९२१-२२ मध्ये पेरूतल्या सेरो दे पास्कोला मोहीम घेऊन गेले आणि परतल्यावर त्यांनी लिहिले की उंचीवर राहणारा माणूस शरीराने आणि बुद्धीने उणाच राहतो. लिमाचे डॉक्टर कार्लोस मोंहे यांनी याला कडाडून विरोध केला. अँडीजचा माणूस उणा नाही, त्याच्या शरीराचा स्वभावच वेगळा आहे आणि तो त्या उंचीसाठी घडलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मोंहे यांचा संताप योग्यच होता. बारक्रॉफ्ट यांचे विधान निरीक्षणापेक्षा साम्राज्याच्या काळातल्या मनोवृत्तीतून आलेले होते. तरी दोघांची मोजपट्टी एकच राहिली. अँडीजमधले शरीर म्हणजे उंचीवरचे शरीर, आणि वाढलेले रक्त म्हणजे उंचीवर उतारा. या समजुतीला छेद देणारा पुरावा खुद्द मोंहे यांच्याच दवाखान्यात होता. वर्षानुवर्षे उंचीवर राहिलेल्या काही जणांचे रक्त बेसुमार वाढते, ओठ निळे पडतात, डोके सतत दुखते, हृदय थकत जाते. १९२५ मध्ये मोंहे यांनीच या आजाराचे वर्णन केले आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

ही मोजपट्टी मोडली ती अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सिंथिया बील यांच्या कामाने. नेपाळ आणि तिबेटमधल्या उंच गावांत जाऊन त्यांनी रक्त तपासले, तेव्हा अपेक्षित वाढ दिसलीच नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत सारख्याच उंचीवरच्या बोलिव्हियाच्या आयमारा पुरुषांचे हिमोग्लोबिन सरासरी १९.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर होते आणि तिबेटी पुरुषांचे १५.६, म्हणजे जवळजवळ समुद्रकाठच्या माणसाइतके. तिबेटी रक्तातली ऑक्सिजनची पातळी आयमारांपेक्षाही कमी होती, तरी माणसे धडधाकट होती. २००२ मध्ये इथियोपियातल्या ३,५३० मीटरवरच्या अम्हारा लोकांनी तिसराच नमुना पुढे ठेवला. त्यांचे हिमोग्लोबिन साधारण होते आणि रक्तातला ऑक्सिजनही जवळजवळ सपाटीसारखा, ९५ टक्क्यांवर. एक अडचण आणि तीन प्रदेशांत तीन वेगळ्या शरीररचना. तिबेटी शरीर निराळ्या वाटेने भागवते. श्वास अधिक घेतला जातो, आणि रक्तवाहिन्या रुंदावणारे नायट्रिक ऑक्साइडचे घटक रक्तात कितीतरी जास्त असल्याने रक्ताचा प्रवाह वाढतो. रक्त दाट होऊ न देण्यातही फायदा आहे. काकवीसारखे दाटलेले रक्त बारीक वाहिन्यांतून ढकलायचे तर हृदयावर ताण येतो, आणि गरोदरपणात वारेकडे जाणारा प्रवाह मंदावतो. लाल पेशींची वाढ ही सपाटीवरच्या शरीराची तातडीची प्रतिक्रिया आहे. कायमच्या वस्तीसाठी ती महागात पडते.

असे का, याचे उत्तर २०१० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दिले. त्यातल्या एका अभ्यासात रॅस्मस नील्सन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी ५० तिबेटी व्यक्तींच्या जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचले आणि ते बीजिंगच्या हान चिनी लोकांशी ताडून पाहिले. ईपीएएस-१ या जनुकाजवळचा एक बदल तिबेटींत ८७ टक्के आणि हान लोकांत ९ टक्के आढळला. हे दोन समाज बाकी जनुकसंचाने एकमेकांना इतके जवळचे आहेत की एवढी तफावत नुसत्या योगायोगाने पडणे अवघड. हे जनुक पेशीतल्या ऑक्सिजनची कमतरता ओळखून लाल पेशी बनवण्याचा हुकूम सोडणाऱ्या यंत्रणेतला दुवा आहे. त्याच यंत्रणेच्या शोधासाठी २०१९ चे वैद्यकाचे नोबेल दिले गेले. तिबेटी रूपात हा हुकूम सौम्य होतो. बील यांना दिसलेल्या शांत रक्ताचे कारण असे रेणूच्या पातळीवर सापडले.

इथे पुरातत्त्वज्ञांनी घेतलेला आक्षेप वजनदार होता. नील्सन यांच्या गटाने तिबेटी आणि हान २,७५० वर्षांपूर्वी विभागले गेले असे गणित मांडले होते. पण न्वया देवू या ४,६०० मीटरवरच्या ठिकाणी ३० ते ४० हजार वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे सापडली आहेत, मग माणूस तीन हजार वर्षांपूर्वी आला हे कसे मानायचे? माझ्या मते आक्षेप बरोबर होता आणि गणितावर अवाजवी विश्वास टाकला गेला होता. दोन समाज कधी 'वेगळे' झाले हे विचारणे म्हणजेच त्यांच्यात मधल्या काळात येणे-जाणे नव्हते असे धरून चालणे. प्रत्यक्षात शिकारी टोळ्या पठारावर फार आधी येऊन गेल्या असाव्यात, आणि ३,००० मीटरच्या वर कायमची वस्ती थंडी सोसणाऱ्या जवाच्या शेतीने सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी शक्य केली. पठारावरच्या प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएमधूनही हेच दिसते. ५,१०० वर्षांपूर्वीही जनुकाचे हे रूप तिथे होते आणि गेल्या तीन हजार वर्षांत ते झपाट्याने वाढत गेले. म्हणजे निवडीचा वेग खरा होता. फसली ती विभाजनाची तारीख.

पण हे रूप आले कुठून? २०१४ मध्ये एमिलिया वेर्ता-सांचेस, नील्सन आणि सहकाऱ्यांनी दिलेले उत्तर कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. ईपीएएस-१ मधल्या सुमारे ३२ हजार अक्षरांच्या पट्ट्यातला तिबेटी नमुना आजच्या जवळजवळ कुठल्याच समाजाशी जुळत नव्हता. तो जुळला सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत सापडलेल्या बोटाच्या हाडातल्या डीएनएशी. त्या हाडामुळेच २०१० मध्ये डेनिसोव्हन नावाच्या लुप्त मानवगटाची ओळख झाली होती. यावर साहजिक शंका अशी की हे रूप दोघांच्या सामाईक पूर्वजात असेल आणि बाकीच्यांनी ते गमावले असेल. पण पिढी दर पिढी जनुकांची सरमिसळ होताना लांब पट्ट्यांचे तुकडे पडत जातात. लाखो वर्षांपूर्वीच्या पूर्वजाकडून आलेला पट्टा इतका लांब आणि इतका सलग राहण्याची शक्यता फारच थोडी. संकर झाला होता, हेच स्पष्टीकरण टिकते. आजच्या तिबेटींत डेनिसोव्हन अंश एक टक्क्याहूनही कमी आहे. त्या किंचित उरलेल्या वाट्यात नेमके हे जनुक सापडावे, याला मी गेल्या काही दशकांतल्या मानवशास्त्राच्या सर्वांत अर्थपूर्ण शोधांपैकी एक मानतो.

यावर एक मोहक कथा लगेच तयार होते: डेनिसोव्हन पठारावर राहून उंचीला सरावले आणि त्यांनी स्वतःचे तयार हत्यार आपल्या पूर्वजांच्या हाती दिले. कथेला आधारही मिळाला. ३,२८० मीटरवरच्या बाइशिया गुहेत एका बौद्ध भिक्षूला १९८० मध्ये मिळालेला जबडा किमान १,६०,००० वर्षे जुना आणि डेनिसोव्हन असल्याचे २०१९ मध्ये प्रथिनांवरून ठरले, आणि त्या गुहेच्या मातीतही त्यांचा डीएनए मिळाला. तरी या कथेवर मी सावधपणेच विश्वास ठेवीन. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार जनुकाचे हे रूप आपल्या पूर्वजांत सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वी आले, पण त्याची निवड सुरू झाली ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी. मधली हजारो वर्षे ते कोणत्याही ठळक फायद्याविना वंशात वाहत राहिले. आजही काही थोड्या हान व्यक्तींत ते आढळते. एकेकाळच्या गाठीभेटींतून आलेली गोष्ट पुष्कळ पिढ्यांनंतर, दुसऱ्याच लोकांना, कदाचित दुसऱ्याच कामासाठी उपयोगी पडली. 'शुद्ध' राहिलेल्या वंशाकडे ती आलीच नसती.

अजून एक हरकत मला सर्वांत गंभीर वाटते. हिमोग्लोबिन मोजायला सोपे, म्हणून आपण त्यालाच अनुकूलन समजत आहोत का? निवड ठरते ती कोण किती मुले जगवतो यावर. दक्षिण अमेरिकेतले पोतोसी हे चार हजार मीटरवरचे शहर १५४५ मध्ये वसले, आणि तिथे स्पॅनिश दांपत्यांची मुले कित्येक दशके जगत नव्हती, असे जुन्या वृत्तांतकारांनी नोंदवून ठेवले आहे. उंचीची खरी परीक्षा गर्भात आणि बाळंतपणात होते. म्हणूनच बील यांच्या गटाने नेपाळच्या वरच्या मुस्तांगमधल्या, मूल होण्याचे वय उलटलेल्या ४१७ तिबेटी वंशाच्या स्त्रियांचा केलेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास निर्णायक ठरतो. सर्वाधिक जिवंत मुले झालेल्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन खूप कमीही नव्हते आणि जास्तही नव्हते. ते मध्यम होते. रक्तातली ऑक्सिजनची पातळी मात्र त्यांच्यात चांगली होती आणि हृदयाचा डावा कप्पा रुंद होता. 'कमी रक्त म्हणजे उत्तम' हा जुन्या चुकीचा उलटा अवतार त्यामुळे वेळीच रोखला गेला.

अँडीजमध्येही कथा थांबलेली नाही. पेरूमधल्या कुनकाइचा या ४,४८० मीटरवरच्या कपारीत माणूस सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी राहून गेला, म्हणजे तिथला वावरही थोडाथोडका नाही. तिथल्या लोकांत ईपीएएस-१ याच जनुकाचे एक निराळे, इतरत्र जवळजवळ न आढळणारे रूप अलीकडे सापडले आहे. ते ज्यांच्यात आहे त्यांचे रक्त कमी दाट असते. डेनिसोव्हन वारशाशी याचा संबंध नाही. त्याच जनुकाकडे निवड दुसऱ्या वाटेने वळली आहे, आणि हे रूप अजून मोजक्याच लोकांत आहे. बाकीच्यांसाठी मोंहे यांनी वर्णिलेला आजार हाच आजचा प्रश्न आहे. पेरूमध्ये ५,१०० मीटरवर ला रिंकोनादा नावाचे सोन्याच्या खाणीभोवती वाढलेले गाव आहे, जगातली सर्वांत उंच मोठी वस्ती. तिथे हा आजार सर्रास आढळतो. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरून राहणे, आणि खाणीवर पोट असलेल्या कुटुंबाला नेमके तेच जमत नाही.