गोरोबांच्या थापटण्यापुढे

हिंगोली-नांदेड रस्त्यावर आखाडा बाळापूर लागतं. कळमनुरी तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. नामदेवांचं नर्सी आणि विसोबा खेचरांचं औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणं इथून एका दिवसात पाहून परत येता येतं. जागृत नेतृत्व, समाजाची प्रगल्भता या विषयांवर हल्ली शिबिरं भरतात, व्याख्यानं होतात. नेता आणि समाज पिकतात कसे, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात कडक उत्तर मात्र आमच्याच शिवारात सातशे वर्षांपासून पडून आहे. आम्ही ते कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येतो.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईंनी कुंभार असलेल्या गोरोबा काकांना विचारलं, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेवांना ते सहन झालं नाही, आणि मडकं कच्चं ठरलं. नामदेव तेव्हा कुणी नवखे नव्हते. पांडुरंग ज्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती होती. ते दुखावले, विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले, आणि विठ्ठलानंही त्यांना गुरू करायला सांगितलं.

मला या कथेत चमत्कारापेक्षा तिथली माणसं मोठी वाटतात. प्रश्न विचारला तो वयानं सगळ्यांत लहान अशा मुलीनं. पारख केली कुंभारानं, कारण भाजलेलं काय आणि न भाजलेलं काय हे त्याच्या हाताला कळत होतं. जातीनं शिंपी असलेल्या, नावारूपाला आलेल्या भक्तानं अखेर तो निकाल मानला आणि औंढ्याची वाट धरली. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. अशी जागा नामदेवांना सापडली नाही. आणि हे विसोबा तरी कोण? परंपरा सांगते, याच माणसानं एके काळी ज्ञानदेवांच्या भावंडांना छळलं होतं. म्हणजे शिकवणाराही स्वतः बदलून आलेला होता.

आपल्या पुढाऱ्याच्या डोक्यावर थापटणं मारणारं आज कोण आहे? सभोवती हार घालणारे असतात, फलक लावणारे असतात. तुम्ही इथे कच्चे आहात, असं तोंडावर सांगणारा माणूस ज्यानं जवळ ठेवलाय, असा नेता मला अपवादानंच दिसतो.

पक्व झालेल्या नामदेवांनी पुढे काय केलं, तेही परंपरेनं जपलं आहे. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि अस्पृश्य मानले गेलेले संत चोखोबा गेले. साल १३३८ मानतात. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांची हाडं वेचली आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंतपणी ज्याला आत येऊ दिलं नाही, त्याला त्यांनी देवाच्या दारात जागा मिळवून दिली. दार मात्र उघडलं नाही. चोखोबांच्या माणसांना विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. एवढ्या काळात दिंड्या थांबल्या नाहीत, अभंग थांबले नाहीत. माणूस पिकला तरी त्याचा समाज आपोआप पिकत नाही, याचा याहून दुखरा पुरावा मला माहीत नाही.

आणि आपल्या मराठवाड्यातल्या लोकांना पंढरपूरकडे बोट दाखवून थांबता येणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या गावागावांत दलितांची घरं पेटली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. निजामाशी लढलेल्या, तुरुंगात गेलेल्या ज्येष्ठांपैकीही काही जण नामांतराच्या विरोधात उभे राहिले. एका अन्यायाविरुद्ध जिवावर उदार झालेला माणूस दुसऱ्या अन्यायापुढे कच्चा ठरू शकतो. ठराव मुंबईत झाला. तो गावाच्या पारावर आधी बोलला गेला नव्हता. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोवर साडेपंधरा वर्षं उलटली होती.

पारावर आधी बोलण्याचं काम गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावानं केलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं तिथे अभ्यासगट चालले. आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत मांडायचा, आणि निर्णय बहुमतानं न घेता सर्वांच्या संमतीनं घ्यायचा. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं. हे वेळखाऊ आहे, पण याच गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देवाजींचं मोठेपण मला यात दिसतं की गाव त्यांच्या मागे चालत राहिलं नाही, ते स्वतः विचार करायला शिकलं.

आपल्याकडे ग्रामसभा आहे, कायदाही आहे. वर्षाला किमान चार सभा, त्याआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या पुरे. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. या पळवाटेतून कितीतरी गावांचा कारभार कागदावर सुरळीत चालतो.

बाळापूर मेंढ्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. सगळं गाव एका झाडाखाली बसणार नाही. पण वॉर्डावॉर्डात अभ्यासगट बसू शकतो. हळदीचा भाव, बोअरचं खोल जाणारं पाणी, शाळा सुटायच्या आत उरकली जाणारी मुलींची लग्नं हे विषय आधी तिथे महिनाभर बोलले जावेत. सरपंचानं त्या बैठकीत खाली सतरंजीवर बसून ऐकावं. आणि ग्रामसभेत पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला असावा, सभा तिच्या कामाची वेळ सोडून संध्याकाळी भरावी, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या नावानिशी इतिवृत्तात लिहिलं जावं.