कुठल्या पवार?

महाराष्ट्रात कुणी आपलं आडनाव पवार सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कुठले पवार? विचारणाऱ्याला गाव हवं असतं आणि गावाच्या आडून बहुतेक वेळा जातही. कारण हे आडनाव एका जातीच्या मालकीचं नाही. धार आणि देवासच्या राजघराण्यांचं ते आडनाव आहे, बारामतीकडच्या शेतकऱ्यांचं आहे, कोकणातल्या आणि नगर जिल्ह्यातल्या पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांचं आहे, बंजारा तांड्यांवर आहे, पारध्यांच्या पालांवरही आहे. पुरुषाला हा प्रश्न विचारला की तो मागे वळून बोलतो: वडील, आजोबा, मूळ गाव, देवक. बाईला विचारला तर तिला आधी हे ठरवावं लागतं, की माहेरचं सांगायचं की सासरचं.

आपण बायकांची आडनावंही पुरुषांच्या आडनावांसारखीच वाचतो, आणि तिथंच चुकतो असं मला वाटतं. पुरुषाचं आडनाव कुळ सांगतं. बाईचं आडनाव मात्र तिच्याबद्दल घेतले गेलेले निर्णय सांगतं. तिला कुठे दिलं, ती कुठे राहिली, कुणाला सोडून आली, कुणाच्या मागे उरली, आणि यातलं काय तिनं स्वतः ठरवलं. एकमेकींशी नातं नसलेल्या काही पवार बायका शेजारी ठेवून पाहिल्या, की हे फार स्पष्ट दिसतं.

ललिता पवारांपासून सुरुवात करतो. येवल्यात 1916 साली जन्मलेल्या या मुलीचं नाव होतं अंबिका सगुण. मूकपटांच्या काळात ती लहानपणीच पडद्यावर आली. पुढे दिग्दर्शक गणपतराव पवारांशी लग्न झालं आणि पडद्यावर ललिता पवार हे नाव आलं. तो संसार मोडला. नंतर त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्तांशी लग्न केलं. प्रघाताप्रमाणे नावही बदलायला हवं होतं. बदललं नाही. संसार गुप्तांचा आणि पडद्यावरचं नाव पवार, असं पुढची कित्येक दशकं चाललं.

याला व्यवहाराची सोय म्हणून सोडून देता येईल, पण मला त्यात त्याहून मोठी गोष्ट दिसते. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांच्या हातून बसलेली थप्पड इतकी जोराची होती, की ललिताबाईंच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेचं करिअर तिथं संपलं. काही वर्षं उपचारात गेली आणि मग त्या परतल्या त्या चरित्र भूमिकांत. त्याच अधू डोळ्याचा त्यांनी असा वापर केला, की अख्ख्या देशाला खाष्ट सासू म्हटलं की त्यांचाच चेहरा आठवू लागला. ‘अनाडी’तली कठोर वाटणारी आणि आतून मायाळू मिसेस डीसा त्यांचीच, 1987 मध्ये घराघरांत पोचलेली ‘रामायण’ मालिकेतली मंथराही त्यांचीच. नवऱ्यामुळे आलेलं आडनाव या बाईनं पन्नासहून अधिक वर्षं स्वतःच्या कामानं कमावून ठेवलं. आज गणपतराव पवार कोण, हे सांगायचं तर ललिताबाईंचं नाव घ्यावं लागतं.

त्यांच्याआधी शंभरएक वर्षं, माळव्यात, आणखी एका बाईनं हेच आडनाव अक्षरशः लढून टिकवलं होतं. धारचे आनंदराव पवार 1807 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. गादीवर दुसऱ्यांचा डोळा होता. बाई मांडूला गेल्या, तिथं मुलगा झाला. शिंदे आणि होळकरांच्या फौजा मुलूख ओरबाडत होत्या, घरातला दावेदार मुरारराव वेगळाच. अशात तो मुलगाही दगावला. एवढ्यावर राज्य बुडालं असतं. मैनाबाईंनी शेजारच्या सत्ताधीशांची संमती मिळवली आणि स्वतःच्या बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन त्याला रामचंद्रराव पवार केलं. 10 जानेवारी 1819 रोजी इंग्रजांशी तह झाला, तोवर धारचं राज्य जेमतेम नावापुरतं उरलं होतं. पण ते उरलं होतं. माळव्याचा कारभार पाहणाऱ्या जॉन माल्कमनं मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात या बाईची नोंद घेतली आहे.

थोडं थांबून या दत्तकविधानाकडे पाहावं. बहिणीचा मुलगा म्हणजे मैनाबाईंच्या माहेरच्या नात्यातला. पवारांचं नाव पुढे नेण्यासाठी त्या क्षणी पवारांचं रक्त लागलं नाही, लागली ती एका विधवेची हिकमत. वंशावळींच्या झाडात मात्र अशा बाया फांदीच्या शेजारी कंसात असतात. बखरकारांना दोष देऊन भागणार नाही, आपणही घराण्याचा इतिहास सांगताना ‘यांना पुत्र नव्हता, दत्तक घेतला’ असंच म्हणतो. दत्तक कुणी घेतला, कुणाच्या विरोधात घेतला, त्यासाठी कुणाकुणाला पत्रं धाडली, हे वाक्यातून गळून जातं.

शारदाबाई पवारांच्या बाबतीत गळणारी गोष्ट वेगळी आहे. त्यांचा जन्म 1911 मध्ये पन्हाळ्याजवळच्या गोलिवड्यात, भोसल्यांच्या घरात झाला. शिक्षण पुण्यात सेवासदनमध्ये, लग्न काटेवाडीच्या गोविंदराव पवारांशी. 1938 मध्ये त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. खेड्यातली, लेकुरवाळी बाई पुरुषांच्या बैठकीत जाऊन शाळा, रस्ते, पाणी यांवर बोलते आहे, हे त्या काळात किती अवघड होतं ते वेगळं सांगायला नको. अकरा मुलं वाढवली. पुढे वळूच्या हल्ल्यात पाय अधू झाला, तरी शेती आणि घर त्यांनी सोडलं नाही. तान्ह्या मुलाला घेऊन बोर्डाच्या बैठकीला गेल्याची आठवण प्रसिद्ध आहे. ते तान्हं मूल म्हणजे शरद पवार, त्यामुळे सगळी गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली जाते. मुलाचा जन्म डिसेंबर 1940 चा आहे. म्हणजे हे मूल जन्माला आलं तेव्हा आई दोन वर्षं लोकप्रतिनिधी होती. राजकारणात हे आडनाव आधी तिच्या नावापुढे लागलं होतं. आणि तिची लेक सरोज लग्नानंतर पाटील झाली. एन. डी. पाटलांच्या घरातून तिनं शिक्षणाचं मोठं काम केलं, पण आईच्या कामाचा वारसा मोजताना आपली नजर आडनावावरून सरकत मुलांकडेच जाते. लेकींकडे गेलेला वारसा आडनावाच्या यादीत सापडत नाही.

आता ऊर्मिला पवार. 1945 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्म, वडील शिक्षक, ते लवकर गेले. आईनं बांबूची आयदानं विणून पोरं वाढवली. त्या विणकामाचंच नाव ऊर्मिलाताईंनी 2003 मध्ये आपल्या आत्मकथनाला दिलं. ‘आयदान’मध्ये जातीनं दिलेले चटके आहेत तसंच घरात नवऱ्याशी झालेलं झगडणंही आहे. ज्या माणसाचं आडनाव आपण लावतो त्याच्याबद्दल खरं लिहायचं, आणि तेही चळवळीतल्या आपल्याच माणसांच्या नाराजीची तयारी ठेवून, याला मोठं धैर्य लागतं. पण मला त्यांचं त्याआधीचं काम तितकंच मोलाचं वाटतं. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया हुडकून काढल्या, त्यांच्याशी बोलल्या, कागदपत्रं चाळली आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं केलं. सत्याग्रहांना गेलेल्या, 1942 च्या नागपूरच्या महिला परिषदेला जमलेल्या या बाया बहुतेक ठिकाणी ‘अमक्यांच्या मंडळी’ एवढ्याच होत्या. त्यांना नाव-आडनावासह छापणं हेच त्या पुस्तकाचं पहिलं काम होतं. ज्यांना नावच मिळालं नाही त्यांना आधी नाव द्यावं लागतं. आडनाव झुगारायचं की ठेवायचं, हा पुढचा प्रश्न.

तो पुढचा प्रश्न प्रज्ञा दया पवारांनी सोडवला आहे. कवितेच्या वाचकांना त्या आधी प्रज्ञा लोखंडे म्हणून माहीत होत्या, ‘अंतःस्थ’ हा संग्रह त्याच नावानं आला. नंतर त्यांनी प्रज्ञा दया पवार हे नाव घेतलं. वडील दया पवार, म्हणजे मूळचे दगडू मारुती पवार. 1978 च्या ‘बलुतं’मध्ये हा दगडू आपली कहाणी दयाला सांगतो. म्हणजे ‘दया’ हे वडिलांनी स्वतः निवडलेलं, लिहिण्यातून मिळवलेलं नाव. लेकीनं मधल्या जागी तेच घेतलं. वरवर पाहता ही बापाच्या नावाकडे परतलेली मुलगी आहे, पण तिनं घेतलेलं नाव जन्मदाखल्यावरचं नाही, लेखकाचं आहे. एका दलित लेखकाच्या लिहिण्याशी तिनं स्वतःला जोडून घेतलं आणि त्याच नावानं ‘धादांत खैरलांजी’सारखं नाटक लिहिलं. ऊर्मिला पवार आणि प्रज्ञा पवार यांना एका दमात ‘दलित लेखिका पवार’ म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. एकीचं आडनाव नवऱ्याचं, दुसरीनं नवऱ्याचं आडनाव उतरवून ते घेतलेलं. दोन टोकांचे प्रवास एका शब्दाखाली दडपले जातात.

आणि ज्यांचं आडनाव कुठल्याच पुस्तकात नाही त्या पवार बाया? बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत त्या आहेत. तिथं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाची उचल त्या जोडीच्या अंगावर चढते, हिशेब पुरुषाशी होतो. पहाटे फडात उतरून मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या कोयत्याची अर्धी धनीण आहे, पण वहीत तिचं नाव लागत नाही. नावच नाही तिथं सासरचं की माहेरचं हा वादच उद्भवत नाही. आडनावाबद्दल लिहिणाऱ्या माझ्यासारख्यानं हे विसरू नये.

लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. तरी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिण्याचा सोहळा हौसेनं होतो, आणि पुढे बँक, आधार, पदवी यांवरची नावं जुळवत तीच बाई रांगांत उभी राहते. महाराष्ट्र सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आणला. चांगलं झालं. विवाहित बाईसाठी मात्र पतीचं नाव आणि आडनाव ही जुनीच रीत राहिली. आईचं नाव मुलाच्या नावात शिरलं, तिच्या स्वतःच्या नावाचं गाडं अडलेलंच आहे.

सरकारी रीत बदलायला वेळ लागेल. कोशकार, ग्रंथपाल, शताब्दीग्रंथांचे संपादक यांना मात्र थांबायचं कारण नाही. स्त्रीची नोंद करताना तिची सगळी नावं द्यावीत आणि प्रत्येक नाव कोणत्या वर्षी, कशामुळे आलं तेही लिहावं. ‘स’मध्ये अंबिका सगुण शोधणाऱ्याला ललिता पवार सापडाव्यात, ‘भ’मध्ये शारदा भोसले असावी, ‘ल’मध्ये प्रज्ञा लोखंडे. सरोज पाटलांच्या नोंदीत शारदाबाईंचा उल्लेख ‘आई’ एवढाच नको, लोकल बोर्डाच्या सदस्य म्हणून हवा. मैनाबाईंना आनंदरावांच्या नोंदीतून बाहेर काढून धारच्या इतिहासात स्वतंत्र जागा द्यावी, आणि रामचंद्ररावांच्या नोंदीत ते बहिणीचे पुत्र होते हेही लिहावं.