सेवेची वारी
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील प्रवचनाचा सारांश)



देव पुंडलिकाच्या भेटीला आला, तेव्हा पुंडलिक काय करीत होता? भजनाला उभा नव्हता, पूजेला बसला नव्हता. म्हाताऱ्या आईबापांची सेवा करीत होता. त्याने वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावला का? नाही. थांबला, तो अजून उभाच आहे. सोलापुराहून सुमारे ७० किलोमीटर चालून ज्या विटेपाशी आपण डोके ठेवतो, ती घरच्या सेवेपायी तिथे आली, हे विसरता कामा नये.

याच पेठेतल्या एका माउलीने विचारले, "महाराज, सासूबाईंना कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आषाढी तोंडावर आली. माझी वारी चुकणार, देव काय म्हणेल?" मी म्हटले, बाई, देवाला थांबायची सवय आहे. दुखणेकऱ्याला थांबता येत नाही.

"घरी न्या" म्हणजे "आता काही करायचे उरले नाही" असे आपण धरून चालतो. तसे नव्हे. रोग हटविण्याचे उपाय संपले, तरी दुःख हलके करण्याचे संपत नाहीत. डॉक्टर याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन याच कामासाठी निघाले. पण खाटा किती पुरणार? बहुतेकांचे अखेरचे दिवस घरीच जायचे, आणि आपल्या माणसांत जावेत असेच पुष्कळांना वाटते. म्हणून सेवा घरच्यांनी शिकली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, "प्रारब्धाचे भोग आहेत, भोगूनच संपायचे." सज्जनहो, स्वतःच्या दुखण्याला प्रारब्ध म्हणा, तो तुमचा अधिकार. दुसऱ्याच्या दुखण्याला प्रारब्ध म्हणून गप्प बसणे ही भक्ती नव्हे, तो निष्ठुरपणा आहे. तहानलेल्याला पाणी देताना आपण त्याचे प्रारब्ध विचारतो काय? मग कळ आलेल्याला औषध देताना का विचारावे?

कॅन्सरच्या तीव्र कळेवर मॉर्फिन नावाचे औषध आहे. ते अफूपासून होते, म्हणून लोक भितात. व्यसन लागेल, मरण लवकर येईल, असे म्हणतात. डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत घेतले, तर कळ असलेल्या रोग्याला व्यसन क्वचितच लागते, आणि त्याने मरण ओढवत नाही. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्यायची असते. कळ उठण्याची वाट पाहायची नसते. पोट साफ होत नाही, म्हणून रेचकही सोबत लागते. आपल्या मनाने मात्रा वाढवू नये, एकदम बंदही करू नये. १९८५ च्या कायद्याने हे औषध मिळणे दुर्घट झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. जिथे उपचार चालू असतील तिथे स्पष्ट विचारा, "कळ थांबवायला काय देता?" विचारण्यात लाज कसली?

बाकीची सेवा हातांची आहे. उठवत नसेल त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तोंड कोरडे पडते, ओल्या फडक्याने पुसावे. अन्न नको म्हटले तर बळेच भरवू नये. अखेरीस भूक आपोआप मंदावते. जखमेला वास येत असेल तर माणसाला कोपऱ्यात टाकू नये; त्यावरही औषध मिळते, डॉक्टरांना सांगावे. अंगारा कपाळाला लावा, जखमेला नको. आणि कॅन्सर शिवण्याने होत नाही. ताटवाटी वेगळी करून जिवंतपणी माणसाला परके करू नका.

पण ही सेवा एकट्या सुनेने किती करावी? तीही माणूसच. रात्रंदिवस जागून तिलाच अंथरूण धरायची वेळ येते. केरळात कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी हे काम आरंभिले. पुढे त्या राज्यात गावोगावी शेजारीपाजारी शिकून तयार झाले. आठवड्यातले काही तास ते रोग्याच्या घरी देतात. आपल्याला हे अवघड का जावे? दिंडीत एकजण थकला, तर त्याचे गाठोडे दुसरा घेतोच ना!

तेव्हा या आषाढीला निघण्यापूर्वी प्रत्येक दिंडीने आपल्या गल्लीत पाहावे, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे. मागे राहणाऱ्यांनी पाळी लावून घ्यावी: एकाने औषध आणावे, एकाने दुपारचे दोन तास उशाशी बसावे, तेवढ्यात घरची माउली निजेल. रोग्याला आवडत असेल तर हळू आवाजात नाम घ्यावे. नको असेल तर नुसता हात धरून बसावे. तेही नामच आहे.

या सेवेसाठी जो घरी राहिला, त्याची वारी चुकली असे कोणी म्हणू नये. परतल्यावर आधी त्याच्या घरी जा, प्रसाद त्याच्या हाती ठेवा आणि त्याच्या पाया पडा.

रामकृष्णहरि!