सीटखालची रेघ

आमच्या काकांनी जुनी गाडी कशी विकली, ते मी जवळून पाहिलं आहे. किंमत ठरली तेव्हा मी होतो, सह्या झाल्या तेव्हा मी होतो आणि पुढे जे झालं तेव्हाही मीच होतो. त्या शेवटच्या वेळी नसतो तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

काका जिल्हा न्यायालयात पस्तीस वर्षं बेंच क्लार्क होते. निवृत्त झाले, पण जिभेवरचं कोर्ट गेलं नाही. घरात कोणी लांबण लावली की म्हणणार, ‘विचारलं तेवढंच सांग.’ साक्षीदारांनी न विचारलेलं बोलून चांगल्या चांगल्या केसेस बुडवलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. स्वतः ते खोटं बोलत नाहीत. आमच्या मांडवीत कोणालाही विचारा.

गाडी २०१३ची, पांढरी वॅगनआर, ५८ हजार किलोमीटर झालेली. समुद्राकाठी गाडी रस्त्यावर झिजते त्याहून जास्त अंगणात झिजते. खारा वारा दारांच्या कडा खातो, चेसीला गंज धरतो. म्हणून दर दोन वर्षांनी काका तिला खालून काळा रंग मारून घ्यायचे. सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार फायलीत. अशी गाडी विकायला काढली की रांग लागते.

त्या फायलीत एका रात्रीचा मात्र कागद नव्हता. २२ जुलै २०२१. काका-काकू लेकीकडे चिपळूणला गेले होते. वाशिष्ठीचं पाणी पहाटे चढायला लागलं ते थांबेना. बसस्थानक गेलं, बाजारपेठ गेली, माणसं माडीवर चढून बसली. काकांची गाडी लेकीच्या अंगणात होती. पाणी सीटच्या गादीपर्यंत आलं आणि सगळा चिखल मागे ठेवून गेलं. आठ वर्षांच्या गाडीला कशाला हवा पूर्ण विमा, म्हणून काकांनी त्या वर्षी नुसता थर्ड पार्टी काढला होता. म्हणजे क्लेम नाही, आणि क्लेम नाही म्हणजे कुठे नोंदही नाही. तिथल्याच एका गॅरेजमध्ये सीटा काढल्या, मॅट धुतलं, ऑइल दोनदा बदललं, नवा स्टार्टर घातला. अडतीस हजार गेले. त्यानंतर गाडी चार पावसाळे विनातक्रार चालली. पूर आपला आपण वाहून गेला, असं घरात सगळ्यांना वाटायला लागलं होतं.

काकांचे गुडघे गेले आणि क्लच दाबवेना, तेव्हा ऑटोमॅटिक घ्यायचं ठरलं. २०२५च्या सप्टेंबरात सरकारने लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता तो १८वर आणला. २२ सप्टेंबर, नेमकी घटस्थापना. दसऱ्याला नवी गाडी दारात, हे काकूंनी त्याच दिवशी जाहीर केलं. पण नवी उतरली की जुनीही उतरते. ऑगस्टमध्ये सव्वादोन लाखांना मागितलेली गाडी आता दोनवर आली होती. काकांनी पेन्सिल काढली.

शोरूममधून फोनवर कळलं, जुनी गाडी द्या, पावणेदोनपर्यंत धरू आणि वर वीस हजार एक्स्चेंज बोनस. बाहेर विकली तर दोन-सव्वादोन. मधला फरक शोरूमवाला उगाच खात नाही. त्याला गाडी धुवायची, दुरुस्त करायची, दोन महिने उभी ठेवायची आणि विकताना स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटीही भरायचा. त्या बदल्यात आपली डोकेदुखी जाते. काकांना डोकेदुखी नेमकी ठाऊक होती. खाजगीत विकायची तर फॉर्म २९ आणि ३० भरायचे, मोटार वाहन कायद्याप्रमाणे १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं, आणि नाव बदलेपर्यंत जिवाला घोर. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा एक निकाल ते सगळ्यांना ऐकवायचे. गाडी एकामागून एक कित्येक हातांतून गेली होती, पण नोंदणीवर नाव पहिल्याचंच राहिलं होतं. पुढे अपघात झाला आणि भरपाई त्या पहिल्याच्याच गळ्यात आली. ‘किल्ली देऊन गाडी जात नाही,’ काका म्हणायचे, ‘नाव बदललं की जाते.’

एवढं सगळं असूनही ते बाहेर विकायलाच निघाले होते. तीस हजारांपर्यंतचा फरकही पेन्शनीत दिसतो.

गिऱ्हाईक घर शोधत आलं नाही, घरात इन्व्हर्टर बसवायला आलं. जवळच्या नाचणे गावचा एक वायरमन पोरगा, आयटीआय झालेला. वायरची बंडलं आणि शिडी घेऊन दुचाकीवरून फिरायचा. पावसात एकदा साळवी स्टॉपजवळ शिडीसकट आडवा झाला होता. त्याला गाडी हवीच होती. काम आटोपून त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, खाली वाकून चेसी बघितली आणि हात पुसत विचारलं,

“काका, गाडी कधी पाण्यात गेली होती काय?”

२०२१ नंतर आपल्या जिल्ह्यात गाडी बघायला आलेला माणूस टायरच्या आधी हे विचारतो. त्यात विशेष काही नव्हतं. काका तुळशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बघू. विचार करून कळवतो.”

“तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे नसणारच,” पोरगा हसला. “दोन दहा देईन. रोख.”

रात्री जेवणं झाल्यावर विषय निघाला. काकू म्हणाल्या, “अहो, सांगा त्याला नि देऊन टाका. कमी देईल, देऊ दे.”

“पुराची म्हटली की तो दीडवर येईल.”

“मग न सांगता द्या.”

“ते मला जमायचं नाही.”

“मग करणार काय?”

“शोरूमला देऊ. ते व्यापारी लोक, तपासून घेतात. त्यांचा धंदाच तो.” आणि मग काकांनी घोडा काढला. १८७२चा करार कायदा, कलम १७. त्याखाली उदाहरण दिलंय: एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. “नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नाही. कायद्यात लिहिलंय.”

काकू ताटं उचलत होत्या. “त्या घोड्याबद्दल कोणी नाचण्याहून विचारायला आलं होतं का?” एवढं म्हणून त्या आत गेल्या.

तेव्हा मी काकांच्याच बाजूचा होतो, हे सांगायला हवं. मला तो मार्ग पसंत पडला होता. पोराला फसवलं नाही, शोरूमला फसवायचा प्रश्न नाही, आणि पैसे थोडे कमी आले तर ते स्वच्छ राहण्याचे. पुढे कधीतरी मी ते कलम काढून वाचलं. घोड्याचं उदाहरण काका म्हणाले तसंच आहे. पण त्याच्या खाली तोच घोडा पुन्हा येतो. तिथे घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निकोप आहे असं मी धरून चालेन. आणि विकणारा गप्प राहतो. कायदा म्हणतो, इथे गप्प राहणं हे बोलण्यासारखंच. पस्तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाने पहिलं उदाहरण वाचून पान मिटलं असेल, हे मला पटत नाही. मी कधी विचारलंही नाही.

शोरूममध्ये गाडी तपासणारा पंचविशीतला मुलगा होता, हातात टॅब. अपघात? नाही. कर्ज? नाही. दोन्ही उत्तरं खरी. मग तो चालकाच्या सीटवर बसला आणि त्याने सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. बेल्ट आपण ओढतो तितकाच ओढतो, त्याने थेट शेवटपर्यंत ओढला. अगदी मुळाशी, एरवी कधी उजेड न बघणाऱ्या भागावर, दोन बोटं रुंद तपकिरी डाग होता, चहा सांडल्यासारखा. गॅरेजवाल्याने बेल्ट धुतले होते, पण दिसत होते तेवढेच. मुलाने डाग बघितला, काकांकडे बघितलं, टॅबवर काहीतरी टिपलं आणि बेल्ट सोडला. तो झटकन आत न जाता सावकाश, रडतखडत गेला.

“सर, एक तीस.”

“फोनवर पावणेदोन सांगितले होते.”

“इन्स्पेक्शननंतर कमी-जास्त होतं, सर.”

का कमी झाले ते काकांनी विचारलं नाही. त्यानेही गाडी कुठे भिजली ते विचारलं नाही. दोघांनीही विचारलं तेवढंच सांगितलं. एक तीस आणि बोनसचे वीस, दीड लाखाला गाडी गेली. काकांनी कागद मात्र चोख करून घेतले. एप्रिल २०२३पासूनच्या नियमांत अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याचा फॉर्म २९सी आहे. तो परिवहन खात्याच्या पोर्टलवर भरला की पुढची जबाबदारी विक्रेत्यावर जाते. त्याची पोच हातात येईपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत. वायरमनला त्यांनी रस्त्यातूनच फोन केला, “अरे, गाडी एक्स्चेंजला दिली.” तो “ठीक आहे काका” म्हणाला. दसऱ्याला नवी गाडी आली. काकूंनी तिला ओवाळलं.

फास्टॅग बंद करायचा तेवढा राहिला होता. एका दुपारी किणी टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला, तेव्हा कळलं की जुनी गाडी घाट चढून कोल्हापूरच्याही पलीकडे पोचली. काकांनी टॅग बंद केला आणि फाइलही.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. पांढरी वॅगनआर, नवी सीटकव्हरं, आत उदबत्तीसारखा वास, बॉनेटवर हार. नंबर तोच. वायरमन पेढ्यांचा पुडा घेऊन उतरला.

“काका, ओळखलीत काय?”

काका व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते. पेढा हातात घेतला, तोंडाकडे नेला नाही. “कुठून घेतलीस?”

“घाटावरून. मोबाइलवर जाहिरात बघत होतो नि एकदम नंबर दिसला. म्हटलं, ही तर कोर्टातल्या काकांची! दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून गेलो.” तो मनापासून खूश होता. “तिथे चार गाड्या होत्या, हिच्याहून स्वस्त पण. पण त्यांचं कोणाला ठाऊक? मेकॅनिकसुद्धा नेला नाही मी. म्हटलं, काकांनी वापरलेली गाडी, तिला काय बघायचंय.”

“कितीला दिली?”

“दोन तीस. तुम्हाला दोन दहा म्हणत होतो, वीस जास्त गेले. पण मिळाली!”

आरसी दाखवायला त्याने मोबाइल पुढे केला. पहिला मालक काका, दुसरा हा पोरगा. मधले जे हात होते, शोरूमचे, घाटावरच्या व्यापाऱ्याचे, त्यांची नावं त्यावर कुठेच नव्हती. टॅबवाल्या मुलाला ठाऊक होतं, बहुधा व्यापाऱ्यालाही. सीटकव्हरं आणि उदबत्ती उगाच आलेली नव्हती.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या गाडीकडे बघतच नव्हत्या.

काकांनी पेढा कठड्यावर ठेवला आणि आत गेले. मला वाटलं, पडले असतील जाऊन. पण ते बॅटरी घेऊन परत आले, गाडीचं दार उघडलं आणि पोराला म्हणाले, “पुढची सीट मागे सरकव. पूर्ण. आता ते मॅट उचल.”

सीटच्या रुळांना गंज होता. त्याच्या बाजूला पत्र्यावर, कोणाचा ब्रश कधी न पोचलेल्या सांध्यात, तांबूस मातीची रेघ सरळ आडवी गेली होती, पट्टी लावून ओढावी तशी.

“ही चिपळूणची,” काका म्हणाले. आवाज साक्षीचा. “२२ जुलै २०२१. पाणी गादीपर्यंत. सकाळपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत गाडी पाण्यात होती. स्टार्टर बदललाय. वायरिंग बदललेलं नाही.”

एवढं सगळं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

पोरगा उकिडवा बसला. त्याने रेघेवरून बोट फिरवलं, बोटाला माती लागली ती बघितली. बराच वेळ काही बोलला नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

“मी विचारलं होतं, काका.”

“हो.”

“घ्यायची नाही म्हणून नव्हतं विचारलं.” तो अजून रेघेकडेच बघत होता. “पाण्यातली असली तर वायरिंग काढून नवं टाकायचं, माझं मला चार दिवसांचं काम. तेवढं किमतीत धरलं असतं. पावणेदोनला नेली असती मी.”

काकांना दीड मिळाले होते. त्यांनी हिशेब केलाच असणार. त्यांचे ओठ पेन्सिलीसारखे हलले. पण तोंडातून काही आलं नाही. काकू आत गेल्या आणि मोरीतली बसायची खुर्ची घेऊन आल्या, ती त्यांनी गाडीजवळ ठेवली.

पोराने डिकीतून हत्यारांची पिशवी काढली. पक्कड घेऊन तो पुन्हा आत वाकला, मॅट आणखी सोलून काढलं. खाली वायरींचा जुडगा होता. कनेक्टरांवर हिरवी बुरशी चढलेली.

“बॅटरी जरा खाली धरा,” तो म्हणाला. “अजून खाली.”

काकांनी खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर बसून उजेड तिथवर पोचला नसता. ते दाराला धरून हळूहळू खाली जमिनीवर बसले.