रंगमंडपातले आईबाप



आजचे वाचन : महाभारत, आदिपर्व. राजपुत्रांची शस्त्रपरीक्षा.

मुलांचं शिक्षण पुरं झालं म्हणून द्रोणाचार्य हस्तिनापुरात रंगमंडप उभारतात आणि राजपुत्र आपलं कौशल्य सगळ्यांसमोर दाखवतात. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकताना आपलं लक्ष असतं अर्जुनाच्या बाणांकडे, नाहीतर अचानक आत येणाऱ्या कर्णाकडे. या खेपेला वाचताना माझं लक्ष गेलं ते तिथे बसलेल्या आईबापांकडे. व्यासांनी किती आईबाप आणून बसवलेत त्या मंडपात!

धृतराष्ट्र आहे. त्याला दिसत नाही, विदुर त्याला सगळं सांगतोय. गांधारीच्या डोळ्यांवर पट्टी, तिला कुंती सांगतेय. वर आकाशात इंद्र आहे. तो आपल्या लेकावर, अर्जुनावर, ढगांची सावली धरतो. लगेच सूर्य कर्णाच्या डोक्यावरचे ढग दूर सारतो. म्हणजे बघा, देव झाले तरी बापच ते! आणि कर्णाला ओळखताच कुंती मूर्च्छित पडते. शेवटी येतो म्हातारा अधिरथ. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

हे सगळं आत्ताच का दिसलं, तर आम्ही नुकतेच अशाच एका मंडपात उभे होतो. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो आणि आमची धाकटी लेक स्नोबोर्डिंग करते. एकाच फळीला दोन्ही पाय जखडून, आडवं उभं राहून बर्फावरून यायचं, असा हा खेळ. १९९८ साली नागानोला तो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. दर वसंतात कोलोरॅडोतल्या कॉपर माउंटनवर यूएसएएसए या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा भरते, देशभरातून मुलं येतात. लेक हाफपाइपमध्ये उतरली होती. हाफपाइप म्हणजे बर्फात कोरलेली अर्ध्या नळीसारखी लांबलचक घळ. दोन्हीकडच्या भिंती २२ फूट, म्हणजे दुमजली घराएवढ्या. मुलं एका भिंतीवरून हवेत उडतात, गिरकी घेतात, परत त्याच भिंतीवर उतरून समोरच्या भिंतीकडे जातात. परीक्षक गुण देतात. दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची.

आईबाप खाली, शेवटच्या रेषेपाशी, जाळीमागे. लेक हवेत असते तेव्हा माझ्या बायकोला बघवत नाही. ती पाठ फिरवून उभी राहते आणि विचारते, "झाली का? उतरली का?" मी सांगत राहतो. तिथे विदुराचं काम माझ्याकडे असतं.

पण त्या जाळीमागे उभं राहिलं की एक प्रश्न पडतो आणि आज तोच तुमच्यासमोर ठेवायचाय. आपण सगळेच तिथे मनात देवाचं नाव घेत असतो. त्या वेळी देवाकडे नेमकं काय मागायचं?

"माझ्या मुलीला जिंकू दे" हे तोंडी येतं. साधं, प्रेमाचं मागणं आहे. पण गुणांच्या यादीत एकीने वर जायचं म्हणजे दुसरीने खाली यायचं. सहावीची पाचवी व्हायची तर पाचवीला सहावी व्हावं लागतं, आणि त्या पाचवीचे आईबाप आपल्या शेजारीच उभे असतात. त्यांचाही देव आहे, त्यांचंही मागणं आहे. गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र संजयाला विचारतो ते आठवा. माझी मुलं आणि पांडूची मुलं यांनी काय केलं? पांडव त्याचे सख्खे पुतणे, त्याच्याच घरात वाढलेले. तरी "माझे" म्हणताना ते त्यात येत नाहीत. गीता सुरू होते तीच मुळी लांब बसून निकालाची वाट बघणाऱ्या एका बापापासून, हे माझ्या कधी नीट लक्षातच आलं नव्हतं.

बरं, मग "तिला पडू देऊ नकोस" एवढंच मागावं का? तेही फार टिकत नाही. न पडता हा खेळ कुणालाच येत नाही. पडावं कसं, हेच मुलांना आधी शिकवतात. ज्या पडण्यातून ती उभं राहायला शिकली, ते सगळं देवाने माझं ऐकून काढून घेतलं असतं तर तिच्याजवळ काय उरलं असतं?

इथे मला कुंती उपयोगी पडली. त्या मंडपात अर्जुन आणि कर्ण समोरासमोर उभे राहतात तेव्हा दोघंही तिचेच. एकाचा जय मागावा तर दुसऱ्याचा पराजय मागितल्यासारखं होतं. तिला काही मागताच येत नाही. तिचं गप्प राहणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, त्याची किंमत पुढे कर्णाने जन्मभर मोजली. पण तिच्या जागेवरून आपल्या मागण्याची परीक्षा घेता येते. मैदानावरची दोन्ही मुलं माझीच असती तर मी हे मागितलं असतं का? शेजारच्या मुलीसाठीही हेच, इतक्याच मनापासून मागता येईल का? येत असेल तर ते मागणं देवापुढे ठेवायला हरकत नाही. "तिने जे कष्टाने मिळवलंय ते तिच्या हातून नीट उतरू दे. सगळ्या पोरी धडधाकट घरी जाऊ देत." यात कुणाच्या ताटातलं काही जात नाही.

माझ्या लेकीच्या आधी एक मुलगी होती. तिसऱ्या उडीला फळीची कड भिंतीच्या वरच्या काठाला अडकली आणि ती खाली आदळली. सगळं शांत झालं. तिचे वडील माझ्याजवळच होते. मोठ्या पडद्यावर आकडे येत होते, पण त्यांची नजर तिच्या हातावरून हलली नाही. थोड्या वेळाने तिने हात वर केला, मी ठीक आहे म्हणून. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. ती हळूहळू घसरत खाली आली. त्यांनी तिला काही विचारलं नाही. फक्त वाकून तिच्या बुटांचे पट्टे सोडवले.

तेव्हा मला अधिरथ आठवला. कर्णाला नुकताच अंगदेशाचा अभिषेक झालाय. तेवढ्यात हा सूत काठी टेकत, थरथरत, घामाने भिजलेला मंडपात शिरतो. उपरणं खांद्यावरून घसरलेलं. कोण जिंकलं, कोण हरलं, त्याला काही देणंघेणं नाही. कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाने ओलं झालेलं मस्तक त्याच्या पायाशी नेतो. अधिरथ त्याला "बाळा" म्हणून मिठीत घेतो आणि ते मस्तक पुन्हा भिजतं, या वेळी आसवांनी. भीम लगेच हसतो, सूतपुत्र म्हणून टोमणा मारतो. पण मुलाला तिथे राजा होऊन आणि हिणवलं जाऊनही ज्याच्याकडे जाता आलं, तो हा एकच माणूस. आणि गंमत म्हणजे अर्जुन-कर्णाचा सामना त्या दिवशी झालाच नाही. सूर्य मावळला, लोक घरी गेले.

आपण मुलांसाठी पुष्कळ करतो. क्लोई किम नावाच्या मुलीने २०१८ साली प्योंगचांगला हाफपाइपचं सुवर्णपदक जिंकलं, वयाच्या १७ व्या वर्षी. तिला डोंगरावर नेता यावं म्हणून तिच्या वडिलांनी इंजिनिअरची नोकरी सोडली होती. आमचं त्यामानाने काहीच नाही. पहाटे साडेचारला निघायचं, आदल्या रात्री फळीला इस्त्रीने मेण लावायचं, फिया भरायच्या. पण त्यागाची एक खोड असते, तो हळूच उधारी होऊन बसतो. "तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य बोलायलाही लागत नाही, चेहऱ्यावर दिसतं. दुसऱ्या अध्यायात भगवंत कर्म आणि फळ वेगळं करून सांगतात ते आपण मुलांना ऐकवतो. पण गाडी चालवणं हे माझं कर्म असेल, तर तिचं पदक हे त्याचं फळ म्हणून मी मागू शकत नाही. ते वचन जाळीमागच्यांनाही लागू आहे.

आमच्या लेकीची पहिली फेरी पडण्यात गेली. दुसरी तिने सांभाळून पुरी केली, नंबर मधला आला. मुलं खाली आली की काय करतात ते मी त्या दिवशी नीट पाहिलं. गुण लागायला थोडा वेळ असतो. तेवढ्यात प्रत्येक मूल चष्मा वर करतं आणि जाळीकडे बघतं. गुणफलक नंतर, आधी आईबापाचे चेहरे. तिथे जे वाचायला मिळतं, त्यावरून त्यांना कळतं आपण कसे खेळलो.

पोराचा अभ्यास असो, गाणं असो की खेळ, प्रत्येक घरात अशी एक जाळी असते आणि तिच्यामागे आपण असतो. ढग आणणं किंवा सारणं इंद्र-सूर्याला जमलं, आपल्याला जमणार नाही. काठी टेकत जवळ जाणं जमेल.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, माझ्या "माझे" या शब्दात शेजारच्याचं लेकरूही मावू दे. आणि माझं मूल मान वर करून बघेल तेव्हा माझ्या चेहऱ्यावर त्याला निकाल दिसू नये, घर दिसावं.

राम कृष्ण हरी.