तेरीज काही जुळेना

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पैशातलं कळतं, असा एक लोकभ्रम आहे. पोस्टमनला पत्रातलं कळतं म्हणण्यापैकीच हा प्रकार. गेली एकवीस वर्षं मी काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. मध्यंतरी आमचं बारसं होऊन क्लार्कचा ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झाला, पण त्यामुळे कुणी चहा जास्त वेळा विचारू लागलंय असं नाही. बी.कॉम.ला दुसऱ्या वर्गात पास होताना मी एकच गोष्ट शिकलो, की प्रत्येक नावेला कुठे तरी एक जमा असलीच पाहिजे. ही दुहेरी नोंदीची भानगड १४९४ साली पहिल्यांदा छापून लोकांपुढे आणली ती लुका पॅचिओली नावाच्या एका इटालियन संन्याशानं. घरदार सोडलेल्या माणसाला जमाखर्चाची एवढी उठाठेव का सुचावी, हे मला कॉलेजात कळलं नव्हतं. गेल्या जूनमध्ये थोडंसं कळलं.

आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहतो. वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दिंडीदरवाजा, चौक, हौद, तुळशीवृंदावन वगैरे आलं असेल. ते सगळं आहे. फक्त दरवाजा मिटत नाही, चौकात अकरा बिऱ्हाडांच्या चौदा दुचाक्या उभ्या असतात, हौदात पाणी नसतं, आणि तुळशीला मात्र सगळेच पाणी घालत असल्यामुळे ती दर दोन महिन्यांनी कुजते. माझ्या आजोबांनी १९५२ साली इथल्या दोन खोल्या बावीस रुपये महिन्यानं घेतल्या. १९४७ सालच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कृपेनं ते बावीस रुपये, कर आणि पट्ट्या धरून, २००० साल उजाडेपर्यंत साठ रुपयांपर्यंत पोचले होते. त्यानंतर आजतागायत साठच आहेत. आजोबा गेले, वडील गेले, साठ रुपये वारसाहक्कानं माझ्याकडे आले. इतर काही आलं नाही, पण हे आलं.

वाड्याच्या मालकीणबाई म्हणजे काकू. वय वर्षं एकोणऐंशी, मूलबाळ नाही, यजमान जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या माजघरात एकट्या राहतात. अकरा बिऱ्हाडांचं मिळून त्यांना महिन्याला साडेआठशे रुपये भाडं येतं. मालक म्हटल्यावर जी एक मिशीवाली, तगादा लावणारी आकृती नाटकसिनेमांनी आपल्या डोक्यात बसवली आहे, तिच्याशी काकूंचा मेळ कसा घालायचा, हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं आहे. आमच्या वाड्यात मालक जुनेर नेसतो आणि भाडेकरू हप्त्यानं मोटार घेतो.

तर मे महिन्याच्या अखेरीस माझी ठेवींच्या काउंटरला बदली होती, आणि काकू समोर उभ्या.

“अरे, तू आहेस होय? बरं झालं. ही मोडायचीय.”

साठ हजारांची पावती होती. मी धंदेवाईक आवाजात म्हटलं, “काकू, मुदतीला चौदा महिने राहिलेत. आत्ता मोडलीत तर व्याज कमी बसेल.”

“चौदा महिने थांबशील का, असं छपराला विचारून ये,” काकू म्हणाल्या.

महापालिका दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. आमच्याही दिंडीवर एक डकवलेली होती, आणि आम्ही सगळे तिच्याकडे मालकाच्या नावचं पत्र म्हणून अत्यंत सभ्यपणे दुर्लक्ष करत होतो. मिस्त्रीनं आढं, वासे आणि कौलं मिळून एक लाख ऐंशी हजारांचा अंदाज दिला होता. काकूंनी ठेव मोडली, पैसे खात्यात जमा करून घेतले आणि छत्री विसरून गेल्या.

आता बँकेत लागताना आम्ही गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही केलेली असते. ग्राहकाच्या खात्याबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही. मी एकवीस वर्षांत काढला नव्हता. संध्याकाळी ती छत्री द्यायला बायकोला पाठवलं, तेव्हा तिनं साहजिकच विचारलं की काकूंची छत्री बँकेत कशी गेली. बायकोला सांगणं हे ‘बाहेर’ सांगणं होतं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझ्यापुरता मी त्याचा निकाल लावेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते आणि वाड्यात सगळ्यांना कळलेलं होतं.

पण एक सांगतो, त्या रात्री वाडा जसा उजळून निघाला तसा मी पूर्वी पाहिला नव्हता. नळावरून गेली सहा वर्षं न बोलणारी दोन बिऱ्हाडं एकमेकांशी बोलली. ‘काकूंसाठी काहीतरी केलंच पाहिजे’ यावर अकराही जणांचं एकमत झालं. १९६१ सालच्या १२ जुलैला पानशेत फुटलं आणि तळमजला पाण्यात गेला, तेव्हा काकूंच्या सासऱ्यांनी सहा महिने कुणाकडूनच भाडं घेतलं नव्हतं आणि आमच्या आजोबांना दोन पोती ज्वारी दिली होती, ही गोष्ट मास्तरांनी सांगितली. मेसवाल्या मावशींनी डोळे पुसले. मला स्वतःला इतकं चांगलं वाटत होतं, की मी झोपेत हसत होतो असं बायको म्हणते.

अडचण एकच होती. काकू कुणाचा कपभर साखरेचा उसनवारही तीन दिवसांच्या वर ठेवत नाहीत. मदत आहे हे त्यांना कळू न देता मदत कशी करायची? त्यावर कोर्टात कारकून असलेल्या आणि त्यामुळे वाड्यात वकील समजल्या जाणाऱ्या नानांनी तोडगा काढला, तो भिशीचा. अकरा आम्ही आणि बाराव्या काकू. प्रत्येकी दहा हजार. पहिलीच भिशी काकूंना लागायची आणि पुढच्या महिन्यात ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ भिशी मोडायची. काकूंना लागायची म्हणजे कशी? तर बाराही चिठ्ठ्यांवर त्यांचंच नाव.

पुण्यात एवढी मोठी लबाडी इतक्या शुद्ध हेतूनं फार दिवसांत झाली नसावी.

काकू एवढंच म्हणाल्या, “पुढचे हप्ते मी कुठून भरू?” मास्तर म्हणाले, “होईल हो काहीतरी.” काकूंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि हो म्हणाल्या. रविवारी चौकात जाजम पडलं. पितळी डब्यातून वाड्यातल्या सर्वांत लहान मुलीनं चिठ्ठी काढली. काकू! टाळ्या. मावशींनी साखर वाटली. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “पोरीचा हात चांगला दिसतोय. पुढच्या महिन्याची आत्ताच काढून ठेवू या.” कुणाला काही सुचायच्या आत पोरीनं हात घातला. काकू. “आणि त्याच्या पुढची?” काकू.

दिंडीबाहेरून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

“अक्षर मास्तरांचं आहे,” चिठ्ठी उजेडात धरून काकू म्हणाल्या. “शाळेतही एकच ओळ शंभरदा लिहून घ्यायचे.” मग त्यांनी पाकिटं घेतली आणि एकेकाला नाव घेऊन परत केली. माझी पाळी आली तेव्हा म्हणाल्या, “बँकेतली गोष्ट वाड्यात कशी आली, ते मी तुला विचारत नाही.” विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. मी भाड्याचे साठ रुपये घेऊन गेलो. काकू पावतीपुस्तकात कार्बन घालत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, “तुझ्या त्या सिंहगड रोडच्या फ्लॅटला भाडं काय येतं रे?”

“अठरा हजार.”

“बरं आहे हो,” असं म्हणून त्यांनी मला साठ रुपयांची पावती दिली. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मला पंधरा वर्षांच्या कर्जाचे हप्ते आहेत, मुलीचं इंजिनिअरिंग आहे, उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण आवाजात नुसतं समाधान होतं, शेजारच्या मुलाचं बरं चाललंय याचं.

रात्री मी कॅल्क्युलेटर काढला. १९९९ च्या नव्या कायद्यानं, जो ३१ मार्च २००० ला लागू झाला, मालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढ दिलेली आहे. काकूंनी ती कधी मागितली नाही आणि आम्ही कधी आठवण केली नाही. ती चक्रवाढीनं धरली तरी साठ रुपयांचे पंचवीस वर्षांत एकशे साठ होतात. म्हणजे कायद्यानं मी काकूंचं महिन्याला फार तर शंभर रुपये देणं लागतो. वर्षाचे बाराशे. मग दहा हजारांचं पाकीट देताना मी एवढा उदार कसा झालो होतो? आणि कायदा बाजूला ठेवला तर माझं देणं किती होतं? जुन्या कायद्यातलं हे गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, असं १९९७ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे. मला ते माहीत होतं. नानांनीच सांगितलं होतं, ‘आपल्याला त्याची झळ नाही’ या दिलाशासकट.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, मदत राहू द्या, आपण भाडंच वाढवून देऊ. प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणे. छपराचं काम आपोआप होईल.

आठ दिवसांपूर्वी न मागता दहा हजार काढून देणारी हीच माणसं! नाना म्हणाले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मावशी म्हणाल्या, एकदा वाढवलं की वाढतच जातं. मास्तर म्हणाले, दान वेगळं आणि पायंडा वेगळा. तिसऱ्या खोलीतल्या तरुणानं तर, ‘उद्या बिल्डर आला तर आपल्या हक्काचं काय?’ असं विचारलं. बिल्डर यापूर्वी तीनदा येऊन गेले आहेत, आणि आम्हा अकरा जणांच्या मागण्यांची बेरीज जागेपेक्षा जास्त भरते हे पाहून तिन्ही वेळा चहा पिऊन परत गेले आहेत. त्या मागण्यांच्या यादीत सर्वांत वरचं नाव माझं होतं, हे तिथे कुणी बोललं नाही. माझ्या लक्षात होतं.

मी कुणावर रागावलो नाही, कारण ते जे बोलत होते ते मला पाठ होतं. दान दिलं की माणूस दोन इंच उंच होतो. देणं दिलं की तो होता तेवढाच राहतो, शिवाय इतके दिवस दिलं नव्हतं हे उघडं पडतं. दानाला मर्जीची सोय आहे. या महिन्यात दिलं, पुढच्या महिन्यात लग्नकार्य निघालं. देण्याला एक तारीख असते. विनोबा १९५१ पासून गावोगाव हिंडून सांगत होते की दान म्हणजे वाटून घेणं, उपकार नव्हे. आपण त्यांना जमिनी दिल्या, पण तो अर्थ काही घेतला नाही. आणि तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, तेव्हाही भावाच्या वाट्याची निम्मी आधी वेगळी काढून त्याच्या हवाली केली म्हणे. बुडवली ती फक्त स्वतःची. सावकारीतला माणूस, दुसऱ्याच्या येण्यावर औदार्य दाखवायचं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक. मी मात्र काकूंचेच पैसे पंचवीस वर्षं साठवून त्यातले दहा हजार पाकिटात घालून त्यांना गुपचूप द्यायला निघालो होतो, आणि वर झोपेत हसत होतो.

अर्थात हे सगळं कळणं वेगळं आणि खिशात हात जाणं वेगळं. पुढच्या एक तारखेला मी घरून निघालो तेव्हा मनात नऊ हजार होते, फ्लॅटच्या निम्मे. बायको म्हणाली, “सहा द्या, मुलीची फी आहे.” जिना उतरता उतरता मला मोटारीचा विमा आठवला. माजघराच्या उंबऱ्याशी पोचलो तेव्हा हातात तीन हजार राहिले होते. जिना आणखी दहा पायऱ्यांचा असता तर मी साठावर आलो असतो.

काकूंनी नोटा मोजल्या. वरच्या निम्म्या छपराचं काम त्यांच्या ठेवीतून झालं होतं, उरलेल्यावर निळं प्लॅस्टिक फडफडत होतं. मी घसा साफ करून म्हटलं, “काकू, हे भाडं. भाडंच आहे. या महिन्यापासून एवढंच देणार.”

“दर महिन्याला?”

“दर महिन्याला.”

“पाहा हं. पावती तीन हजारांचीच फाडणार मी.”

त्यांनी कार्बन सरळ केला, तारीख घातली, आकडा अक्षरी आणि अंकी लिहिला, सही केली. मी पावती घेऊन थोडा वेळ तसाच उभा राहिलो. अकरांपैकी आम्ही चौघांनी त्या महिन्यात भाडं वाढवलं होतं. काकू चौघांबद्दल काही तरी बोलतील, निदान चहा तरी टाकतील, असं वाटत होतं. त्यांनी पुस्तक मिटून कोनाड्यात ठेवलं आणि भाजी निवडायला घेतली.

वर आलो. बायको दारातच उभी होती.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, गेल्या खेपेला दोन तारीख झाली होती. एक म्हणजे एक.”