दिसली का?

निवांत बसा. पाठ टेकलेली असली तरी चालेल, डोळे उघडे असले तरी चालतील. या मननाला सवड लागते, तेवढी काढा. वाचता वाचता मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा.

समोरची एक वस्तू निवडा. खिडकीची कडी, भिंतीवरचं कॅलेंडर, पाण्याचा तांब्या, काहीही. तिच्याकडे बोट करा आणि हात तसाच राहू द्या. आता नजर वस्तूवरून काढून बोटावर आणा. या बोटाला कडीचा रंग नाही, आकार नाही. तरीही या क्षणी कोणी खोलीत आलं, तर त्याची नजर तुमच्या नखावर थांबणार नाही. ती बोटाच्या टोकापासून सुटून थेट कडीपर्यंत जाईल. मधल्या मोकळ्या जागेत तिला वाट कोणी दाखवली? उत्तराची घाई नको. हात दुखायला लागला की खाली घ्या, पण प्रश्न राहू द्या.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की १९३४ साली क्षयाने गेले, तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. बोट दाखवण्याचा उगम त्यांनी असा सांगितला: लहान मूल लांबच्या वस्तूकडे हात पसरतं. हात पोहोचत नाही, हवेतच राहतो, बोटं हलत राहतात. आई ते बघते आणि वस्तू आणून देते. मुलाच्या लेखी ती फक्त फसलेली धडपड होती. ‘मला ते हवंय’ हा अर्थ तिला आईकडून मिळाला. पुढे मूल वस्तूऐवजी आईसाठी हात पुढे करू लागतं. म्हणजे आपल्याच खुणेचा अर्थ मुलाला सर्वांत शेवटी कळतो.

इथे जरा रेंगाळा. तुमच्या पहिल्या खुणेचा अर्थ तुमच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी कळला होता. ते माणूस कोण होतं, हे तुम्हाला आठवणं शक्य नाही. पण होतं कोणीतरी.

मला मात्र हे चित्र अपुरं वाटतं. संशोधिका एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या दोन इटालियन सहकारी संशोधिकांनी १९७५ मध्ये तान्ह्या मुलांच्या खुणांचे दोन प्रकार वेगळे केले. एक ‘ते दे’ म्हणणारी खूण. दुसरी ‘ते बघ’ म्हणणारी. साधारण वर्षाच्या आसपासचं मूल कडेवरून खांबावरच्या कावळ्याकडे बोट करतं. त्याला कावळा हातात नको असतो. ते बोट दाखवतं, मग मान वळवून तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, आणि तुम्हीही कावळा बघत आहात हे दिसलं की खुलतं. तुम्ही कावळा आणून दिलात तर ते कदाचित रडेल. या खुणेत मागणं नाही, वाटून घेणं आहे. भाषेचं मूळ मला या मान वळवण्यात दिसतं. त्या वळणाऱ्या मानेची कल्पना करा: कावळा, मग तुम्ही, मग पुन्हा कावळा. मूल धरून तीन टोकं झाली.

अमेरिकेतले तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) आयुष्यभर अशाच तीन टोकांचा विचार करत होते. चिन्ह, ते ज्याविषयी आहे ती वस्तू, आणि पाहणाऱ्याच्या मनात उमटणारा अर्थ; यांतलं एक काढलं की बाकीची दोन निकामी होतात. मनात उमटलेला तो अर्थही पुन्हा चिन्हच होतो आणि पुढच्या अर्थाला जन्म देतो. धुरावरून अग्नी ओळखण्याचं जे उदाहरण आपल्या नैयायिक तर्कपंडितांनी शतकानुशतकं घोळवलं, तशाच, वस्तूशी प्रत्यक्ष जोडलेल्या चिन्हांत पर्स यांनी दाखवणारं बोटही ठेवलं. तिन्ही टोकांवर बोट ठेवून त्यांनी मोठं काम केलं. पण तिसऱ्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसासोबत काय करावं, हे मला आपल्याकडच्या दोन जुन्या न्यायांत, म्हणजे दृष्टांतांत, जास्त जवळून भेटतं.

पहिला शाखाचंद्रन्याय. प्रतिपदेची किंवा द्वितीयेची बारीक कोर सापडत नाही, म्हणून म्हणायचं, ‘ती फांदी बघ, तिच्या टोकाला चंद्र आहे.’ फांदी दहा हातांवर, चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ते एकमेकांना टेकतात ते फक्त एका जागेवरून बघितलं तर. दोन पावलं सरकलात की फांदी चंद्राला सोडून जाते. म्हणून दाखवणाऱ्याला बघणाऱ्याशेजारी जावं लागतं, मूल असेल तर गुडघ्यांवर बसून आपला गाल त्याच्या गालाशी आणावा लागतो. तुम्हाला ज्यांनी खरोखर काही शिकवलं, त्यांच्यातलं एक माणूस आठवा. ते कोणत्या क्षणी तुमच्या उंचीवर आलं होतं? कोणती फांदी धरली होती त्याने? शांतपणे आठवू द्या.

दुसरा अरुंधतीन्याय. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळ सरली की उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. शेपटीच्या टोकाचा मरीची सोडला की पुढचा तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून अंधुक अरुंधती. आपल्यापर्यंत पोहोचणारा त्यांचा प्रकाश सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी निघालेला असतो. सप्तपदीनंतर वधूवरांनी ती बघायची असते. बारीक तारा एकदम दिसत नाही, म्हणून आधी शेजारच्या ठळक ताऱ्याकडे बोट करून ‘ही अरुंधती’ म्हणायचं. नजर तिथे स्थिरावली की ते मागे घ्यायचं: ‘ही नव्हे, हिच्या शेजारी बघ.’ शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दाखला दिला आहे. सूक्ष्माकडे नेण्यासाठी आधी स्थूल हाती द्यावं आणि मग तेच काढून घ्यावं.

शाळेत हे रोज घडतं. लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही, असं धाकट्या वर्गात सांगतात. काही वर्षांनी ऋण संख्या येतात आणि ते विधान परत घेतलं जातं. दिलेलं काढून घेणं हा शिकवण्यातला फार नाजूक भाग आहे, आणि तोच घाईत उरकला जातो याचं मला वाईट वाटतं. पुष्कळ जण आयुष्यभर वसिष्ठालाच अरुंधती समजत राहतात, कारण ‘ही नव्हे’ म्हणायला कोणी थांबलंच नाही. आणि हे वाक्य केव्हा म्हणायचं, ते ‘दिसली का?’ विचारल्याशिवाय कळत नाही. तुमच्याजवळ असा एखादा ठळक तारा आहे का? कोणीतरी सोयीसाठी दाखवलेला, आणि मग मागे न घेतलेला? त्याच्या शेजारी काय आहे, तिकडे नजर जाऊ द्या. काही दिसलं नाही तरी नजर तिथेच राहू द्या.

आता बोट बाजूला ठेवू. कारण सगळी भाषा बोटाने शिकवता येत नाही. ‘उद्या’कडे बोट कसं करणार? ‘पण’ कुठे असतो?

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी यावर एक दृश्य उभं केलं आहे. अंगणात मूल बसलं आहे. एक वडीलधारा दुसऱ्या मोठ्या माणसाला म्हणतो, ‘गाय आण.’ तो उठतो आणि गाय आणतो. मुलाला एवढंच कळतं, की त्या आवाजानंतर हे घडलं. मग ऐकू येतं, ‘गाय बांध.’ नंतर, ‘घोडा आण.’ एक शब्द तोच राहिला, दुसरा बदलला. प्राणी तोच राहिला, कृती बदलली. अशी काढघाल ऐकत मूल ‘गाय’ वेगळी करतं, ‘आण’ वेगळं करतं. कुमारिल आणि प्रभाकर या मीमांसकांच्या परंपरांनी इथून मोठा वाद घातला. शब्दांना आधी आपापला सुटा अर्थ असतो आणि मग वाक्य जुळतं, असं कुमारिलांची बाजू म्हणते. वाक्यात जोडलेलाच अर्थ प्रथमपासून मिळतो, असं प्रभाकरांची. मला प्रभाकर जवळचे वाटतात. पण त्या वादाच्याही आधी एक गोष्ट पाहा. या दृश्यात मुलाशी कोणीच बोलत नाही. ते संवादाच्या कडेला बसलेलं तिसरं आहे.

आपली बहुतेक भाषा अशी कडेला बसून आली आहे. घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं, हा धडा कोणी घेतला नव्हता. दारात उभं राहून ऐकलं होतं. रागवायचं कसं, अबोला किती दिवस धरायचा, पाहुण्याला चहा पुन्हा कितीदा विचारायचा, हेही तसंच. यांतलं एक निवडा. ते कोण कोणाशी बोलत होतं? तुम्ही कुठे बसला होतात?

भाषेविषयीचा एक मोठा ग्रंथही असाच ऐकण्यातून आला. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर जिनिव्हात १८९१ पासून संस्कृत शिकवत होते. त्यांचा प्रबंधही संस्कृतातल्या षष्ठी विभक्तीच्या एका प्रयोगावर होता. १९०७ ते १९११ या काळात त्यांनी सामान्य भाषाशास्त्रावर तीन वेळा व्याख्यानमाला दिली, पण पुस्तक लिहिलं नाही. १९१३ मध्ये ते गेले. विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून बाली आणि सेशे या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१६ साली त्यांच्या नावाने ग्रंथ सिद्ध केला. ते दोघेही त्या व्याख्यानांना बसलेले नव्हते. म्हणजे चिन्हविचाराचा पाया मानला जाणारा हा ग्रंथ दुसऱ्यांनी ऐकलेलं बोलणं आहे, तिसऱ्यांनी जुळवलेलं. शब्द आणि अर्थ यांचं नातं सोस्यूर यादृच्छिक मानतात, मीमांसक ते नित्य मानतात. तरी एकट्या माणसाला ते बदलता येत नाही, यावर दोघांचं एकमत आहे.

शेवटी आजचा दिवस घ्या. सकाळपासून तुम्ही कोणाला काय सांगितलंत, ते आठवा. फोनवर, स्वयंपाकघरात, रिक्षात, कामावर. त्यांतलं एक असं वाक्य शोधा, जे बोलताना जवळपास एखादं मूल होतं, किंवा तुमची भाषा नव्याने शिकणारं कोणी. वाक्य बरं होतं की वाईट, हे ठरवू नका. त्या वाक्यानंतर कोण उठलं, काय आणलं गेलं, कोणाचा चेहरा कसा झाला, तेवढं एकदा त्या कडेला बसलेल्याच्या जागेवरून बघा.